आधी गुलाबी, मग निळी

डोंगरे मॅडमच्या कपाटात गुलाबी रंगाची एकही साडी नव्हती. हे मी खात्रीने सांगू शकते, कारण एकदा एका लग्नाला जायच्या वेळी त्यांनी मला कपाट उघडून साडी निवडायला सांगितली होती आणि मी खालपासून वरपर्यंत सगळ्या घड्या उपसल्या होत्या. राखाडी, मातकट, बाटलीसारखा हिरवा, काळपट निळा. गुलाबी एकही कशी नाही, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "वरून काहून घालाचा? आत सारा तोच तं भरला हाय."

आणि तरीही कॉलेजात त्यांना कोणी डोंगरे मॅडम म्हणत नसे. पोरांच्या तोंडी त्या 'गुलाबी मैडम' होत्या. शिपाई, कँटीनवाला, रिक्षावाला, सगळ्यांच्या तोंडी तेच. पहिल्या वर्षाच्या डॉक्टरकीच्या पोरांना त्या हिस्टॉलॉजी शिकवायच्या. म्हणजे शरीराचा कुठलाही भाग घ्यायचा, त्याचा कागदाहून पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवून रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचा. रंग दोनच. एक रंग पेशींच्या पोटातला ठिपका निळा-जांभळा करतो, आणि दुसरा बाकीचं सगळं गुलाबी. पोरांना हे बघून वहीत दोन पेन्सिलींनी उतरवावं लागतं. कुठल्याही कॉलेजातली पोरं आधी निळी पेन्सिल उचलतात, मन लावून ठिपके काढतात, आणि मग उरलेल्या कागदावर गुलाबी पेन्सिल आडवी धरून भिंतीला चुना फासावा तशी फासून मोकळी होतात. मीही तेच करून डॉक्टर झाले होते.

मॅडमच्या वर्गात याला सक्त मनाई होती. आधी गुलाबी, मग निळी. आधी पेशींच्या आजूबाजूचं सगळं काढायचं, धागा न् धागा, आणि पेशींसाठी जागा कोऱ्या सोडायच्या. पेशी सगळ्यांत शेवटी. कोणी चोरून निळ्याने सुरुवात केलेली सापडली की त्या निळी पेन्सिल काढून घ्यायच्या आणि आपल्या अंबाड्यात खोचायच्या. प्रॅक्टिकल संपेपर्यंत कधीकधी त्यांच्या डोक्यात पाचसहा निळ्या पेन्सिली असायच्या आणि त्या तशाच घरी निघून जायच्या.

मी गोंदियाची. नवं राज्य झालं त्या सुमारास लग्न होऊन रायपूरला आले. नवरा रेल्वेत, मालधक्क्यावर, आणि घर गुढियारीत, जिथे ट्रकचा हॉर्न हाच गजर. शहराला राजधानीपण इतकं नवं होतं की सगळीकडे लग्नघराचा पसारा होता. रस्ते उकरलेले, कालपर्यंतच्या शाळेवर आज एखाद्या खात्याची पाटी, लाल दिव्याच्या गाड्यांसाठी पोलीस स्कूटर अडवून उभे. आणि कारखान्यांची काळी भुकटी खिडकीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पाण्याच्या माठावर. त्यात मला कॉलेजात शिकवणीची नोकरी मिळाली आणि मी मॅडमच्या हाताखाली रुजू झाले.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला मायक्रोस्कोपवर बसवलं. काय दिसून राहिलं, म्हणून विचारलं. मी पेशी सांगितल्या, त्यांची नावं सांगितली, परीक्षेत सांगते तशी धाडधाड.

"आणि त्यायच्या मधात?"

मी परत डोळा लावला. "मधात काही नाही, मॅडम."

त्या रागावल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्या शेजारी बसल्या आणि गुलाबी पेन्सिल माझ्या हातात दिली. "मग आता ते काही नाही काढून दाखव मले."

दुपार गेली त्यात. जे मी इतकी वर्षं रिकामं समजत होते ते दाटीवाटीचं निघालं. जाड दोर, बारीक धागे, मधे काचेसारखी ओलसर लापशी. त्याला मॅट्रिक्स म्हणतात एवढं मला पाठ होतं, पाहिलं मात्र त्या दिवशी. पेशी त्यात इकडेतिकडे तुरळक बसलेल्या. आणि हे सगळं त्या पेशींनीच आपल्या आजूबाजूला विणून ठेवलेलं असतं, हे मॅडम घरातली गोष्ट सांगावी तसं सांगत होत्या. हे नसलं तर काय होईल, असं मी विचारलं. "होते काय, माणूस उभाच नाही राहू शकत," त्या म्हणाल्या. "वाटीत घेऊन फिरा लागन."

त्या तात्यापाऱ्यात राहायच्या. खाली दुकानं, वर घर. वडील रेल्वेत गार्ड होते, ते नागपूरकडून आलेले. मॅडमनी लग्न केलं नव्हतं. घरात भाऊ, वहिनी आणि ऋचा नावाची भाची. मॅडम ऋचाशी मराठीत बोलायच्या आणि ऋचा हिंदीत उत्तर द्यायची. त्या म्हणायच्या, दप्तर उचल वं, ती म्हणायची, अभी उठाती हूँ बुआ. दोघींपैकी कोणीही माघार घेत नव्हतं आणि कोणाचं काही अडतही नव्हतं. मी एकदा मॅडमना म्हटलं की तिला आत्या तरी म्हणायला शिकवा. तर म्हणाल्या, हाक मारते ना, पुरे.

त्यांना एक विचित्र खोड होती. कोणीही भेटलं की त्याचा हात हातात घ्यायच्या, पालथा करायच्या आणि मागची कातडी चिमटीत धरून सोडायच्या. मग ती किती चटकन पूर्ववत बसते ते बघायच्या. ऋचाची पाहायच्या, कँटीनवाल्याची पाहायच्या, लग्नात समोर बसलेल्या कोणाच्याही आजीची पाहायच्या. परक्या म्हातारीला वाटायचं, ही बाई प्रेमाने हात धरते आहे, आणि ती त्यांना आपली सगळी कहाणी सांगायची. मॅडम कहाणी ऐकायच्या आणि चिमटा घेत राहायच्या. माझा हात पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाल्या, "रबर मस्त हाय. पण पाणी कमी पेते तू."

रविवारी सकाळी त्या आपली खडखडणारी मोपेड घेऊन गुढियारीत, आमच्या घराजवळच्या मटणाच्या दुकानात यायच्या. मटण त्या खात नव्हत्या. त्यांना बोकडाचा कान हवा असायचा, मानेतला पिवळा पट्टा, श्वासनळीच्या कड्या, म्हणजे कापणारा जे बाजूला टाकतो नेमकं तेच. दुकानदार त्यांना लांबूनच पाहून म्हणायचा, "हव दीदी, कान ल अलग रखे हँव." दीदींनी घरी कुत्री पाळली आहेत आणि त्यांचे फार लाड करतात, असा त्याचा समज होता. मॅडमनी तो कधी मोडला नाही. उलट कुत्री कशी आहेत असं त्याने विचारलं की त्या म्हणायच्या, मज्यात हाय. ही पुडकी वहिनी स्वयंपाकघराच्या आसपास येऊ द्यायची नाही, त्यामुळे गच्चीवर, लोणच्याच्या जुन्या बरण्यांत, त्यांचा वेगळा संसार होता. सोमवारी तो कान वर्गात यायचा. त्या तो पोरांसमोर दुमडायच्या, सोडायच्या, आणि तो टणकन सरळ झाला की लहान मुलासारख्या खूश व्हायच्या.

संक्रांतीच्या सुमारास एकदा त्या पिशवीभर मुर्‍याचे लाडू घेऊन वर्गात आल्या. मुर्रा म्हणजे आपले मुरमुरे, गुळाच्या पाकात वळलेले. प्रत्येकाच्या हातात एकेक दिला आणि सांगितलं की अजून खायचा नाही. मग फळ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, मुर्रा म्हणजे पेशी आणि गूळ म्हणजे मधलं सगळं. पोरांनी लिहून घेतलं. मागच्या बाकांवर चावण्याचे आवाज सुरू झाले. मग मॅडम म्हणाल्या की आता लिहिलेलं खोडा, कारण हे चूक आहे. मुर्‍याला गूळ बाहेरून कोणीतरी घालतं. पेशींना कोणी घालत नाही. लाडवातला मुर्रा जर स्वतःच्या अंगातून गूळ काढत बसला असता आणि रोज थोडा जुना गूळ खाऊन नवा करत असता, तर लाडूचं उदाहरण बरोबर झालं असतं. तोवर वर्गात एकही लाडू शिल्लक नव्हता. पण गंमत अशी की तो धडा एकही पोरगं विसरलं नाही. अजूनही कुठेतरी एखादा टक्कल पडलेला सर्जन भेटतो आणि मला विचारतो, मैडम, वो मुर्रा लाडू याद है?

या आधी-गुलाबीपायी एकदा सगळी पंचाईत झाली. वार्षिक प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि बाहेरगावाहून परीक्षक आले होते, वयाने मोठे, करड्या शिस्तीचे. पोरं मायक्रोस्कोपवर वाकून काढत बसली होती. इतक्यात वरून निरोप आला की कोणी मंत्री इमारत बघायला येताहेत, हॉल ताबडतोब रिकामा करा. नव्या राजधानीत हे नेहमीचंच होतं. वेळ संपायच्या कितीतरी आधी कागद गोळा झाले. परीक्षकांनी पहिला कागद उचलला, दुसरा, तिसरा. सगळ्यांवर नुसतं गुलाबी आणि मधे पांढरी भोकं. अख्ख्या बॅचने एकही पेशी काढली नव्हती. कारण पेशी शेवटी काढायच्या असतात, आणि शेवट आलाच नव्हता.

परीक्षक लाल झाले. हे काय शिकवता, म्हणून मॅडमना पोरांसमोरच विचारलं. मॅडम त्यांच्याशी हिंदीत, अगदी अदबीने बोलल्या, "सर, आप खाली जगह पर उँगली रखिए और इनसे पूछिए।" मंत्री येऊन गेल्यावर व्हरांड्यात पोरांना एकेक करून बोलावण्यात आलं. परीक्षक भोकावर बोट ठेवायचे आणि पोरगं सांगायचं, इथे कोण बसतं, किती जागा घेतं, नि बाजूचं कशाने बनलं आहे. जवळजवळ सगळे सांगून गेले. परीक्षकांनी पास केलं, पण गुण हात आखडूनच दिले आणि जाताना म्हणाले की मॅडम, तुम्ही मुलांचं नुकसान करता आहात. त्या संध्याकाळी मॅडम बूढा तलावाच्या काठी माझ्याबरोबर चालत होत्या. मग म्हणाल्या की तो माणूस बरोबर बोलला. पुढच्या वर्षीपासून त्यांनी एवढाच बदल केला की वेळ संपत आली की अंबाड्यातल्या पेन्सिली उपसून मोठ्याने हाक द्यायच्या, "चलो, नीला उठाओ." आधी गुलाबी मात्र सोडलं नाही.

त्यांचा खरा जीव होता तो फळ्यावर. फळ्यावर त्या दोन्ही हातांनी काढायच्या, उजव्यात गुलाबी खडू, डाव्यात निळा. दोन्ही हात एकाच वेळी चालायचे, गुलाबी पुढे आणि निळा त्याने सोडलेल्या जागा भरत मागून, आणि तोंडाने बोलणं चालूच. ते पाहायला दुसऱ्या वर्गांतली पोरंसुद्धा दारात उभी राहायची. राज्यात नवीन कॉलेजं निघाली तेव्हा त्यांना दुसऱ्या गावी विभागप्रमुख करून पाठवायचं ठरलं होतं. त्यांनी नाही म्हटलं. तिथे गेल्यावर सह्या करा लागते, म्हणाल्या, आणि मले फळा पाहिजे.

पुढे मी त्याच कॉलेजात पॅथॉलॉजीच्या पुढच्या शिक्षणाला लागले. विभाग बदलला, मजला बदलला, तरी दुपारचा चहा मॅडमच्या खोलीतच व्हायचा. अशाच एका थंडीत मी पाहिलं की चहाचा कप त्या दोन्ही तळहातांमध्ये धरतात, बोटांनी नाही. बोटांची टोकं पांढरीफटक पडली होती आणि नखांशी निळी. रायपूरची थंडी ती काय, एका स्वेटरात निभावते. मी काही म्हणायच्या आत त्यांनी हात पदराखाली घेतले. मग उन्हाळा आला तरी बोटं सुजलेलीच. बोटातली आईची अंगठी निघेना, ती सोनाराकडून कापून घ्यावी लागली. एक दिवस मी त्यांचीच खोड त्यांच्यावर करायला गेले. हात पालथा केला आणि कातडी चिमटीत धरायला पाहिली. धरायला काही आलंच नाही. कातडी हाडाला ताणून बसवल्यासारखी चकचकीत होती.

मी बघत राहिले. मॅडम माझ्याकडे बघत होत्या.

"मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "कधीचंच."

तपासण्या झाल्या. हाताच्या कातडीचा छोटा तुकडा काढायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं की माझा तुकडा तुमच्याकडं येईल, तूच पाहजो. तो आला. आमच्या सरांच्या शेजारी बसून मी तो पाहिला. सगळीकडे गुलाबी होतं. निरोगी कातडीत जे दोर एकमेकांपासून अंतर राखून सैलसर पडलेले असतात, ते इथे जाड होऊन एकमेकांना चिकटले होते. मधल्या पांढऱ्या फटी बुजल्या होत्या. घामाच्या ग्रंथी त्यात कोंडल्या गेल्या होत्या. सरांनी आजाराचं नाव उच्चारलं, कातडीपासून फुफ्फुसांपर्यंत सगळं कडक करत नेणारा. ते मला मॅडमनीच शिकवलेलं होतं.

मी खाली जाऊन त्यांना सांगितलं. स्लाइड दाखवू का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या की आता नको, यंदाच्या पोरांचा कातडीचा पाठ व्हायचा आहे. "आता पाहिली तं हातात बसन माझ्या. मग तशीच निघन फळ्यावर." एवढं बोलून त्यांनी वह्या तपासायला घेतल्या. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, की ज्या गुलाबी पसाऱ्यासाठी या बाईने जन्म घालवला त्यानेच हिला धरावं. मी तसं बोलूनही गेले. त्यांनी वहीतून मान वर केली.

"त्याची माह्याशी काही दुश्मनी नाही वं. तो आपलं काम करून राहिला. थांबा लागते, एवढंच विसरला."

त्या वर्षी लेक्चरचा नवा हॉल तयार झाला होता. उतरते बाक, गार हवेची यंत्रं, प्रोजेक्टर. विभागप्रमुख भले होते. त्यांनी सुचवलं की मॅडमनी पडद्यावर चित्रं दाखवावीत, हातांना त्रास नको. मॅडम म्हणाल्या, बाकी सगळं दाखवते, पण कातडीचा एक पाठ मला हाताने काढू द्या. त्यासाठी त्या महिनाभर रोज वितळवलेल्या कोमट मेणात हात बुडवून बसत होत्या, हे मला ऋचाने सांगितलं. बुआ पागल हो गई है, ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

त्या दिवशी मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले. हॉल गच्च भरलेला. मॅडमनी गुलाबी खडू उचलला आणि मला कळलं की बोटं मिटत नाहीत. खडूचं टोक धरता येत नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला, खडू आडवा केला आणि तळहाताखाली दाबून तो फळ्यावरून ओढला. रुंद पट्टा उमटला. त्याच्या शेजारी दुसरा. आवाज नेहमीसारखाच, मधूनमधून तीच थट्टा. पोरं खाली माना घालून उतरवत होती. पट्ट्याला पट्टा चिकटत गेला. मला आधी वाटलं, काढतात तर आहेत, जमलं. आणि मग एकाएकी माझ्या लक्षात आलं की हे चित्र मी पाहिलेलं आहे.

चित्र पुरं झालं की दोन पावलं मागे जाऊन ते बघायची त्यांची सवय होती. त्या मागे गेल्या. पाहिलं. बोलता बोलता थांबल्या. त्यांनी स्लाइड पाहिली नव्हती, पण काय काढलं गेलं आहे ते ओळखायला त्यांना स्लाइडची गरज नव्हती.

"रुको," त्या वर्गाला म्हणाल्या. "कोई मत उतारो. यह बीमार चमड़ी है. मैंने गलत बना दी."

पोरांना काही उमजलं नाही. पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली की मैडम, मैंने तो पूरा बना लिया. मॅडमनी तिची वही घेतली, ते पान पाहिलं, आणि वही परत दिली नाही. मग वर पाहून मला हाक मारली, संध्या, तू ये आणि काढ. मी गेले. डस्टरने फळा पुसला आणि काढायला लागले. त्या माझ्यामागे उभ्या राहून सांगत होत्या, इथं सैल सोड, इथं जागा ठेव, इतकं जवळ नको. ती बॅच माझ्या हातची कातडी शिकून गेली.

आठवड्याभरात त्यांनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज दिला. विभागप्रमुखांनी समजावलं, मी तर भांडलेच. म्हटलं, तोंडाने शिकवा, पडद्यावर दाखवा, मी रोज येऊन काढीन. पोरांना तुमचा हात नको, तुम्ही हव्या आहात.

"पहिल्या खेपेस जे पाहते ते पोट्टं जलमभर विसरत नाही," त्या म्हणाल्या. "मी त्यायच्या डोळ्यात माही बिमारी घालू काय?"

मला ते तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही. एका चुकलेल्या चित्रापायी एवढी शिक्षिका घरी बसली, याचा मला अजून राग येतो. पण त्यांच्याशी भांडून जिंकलेला माणूस रायपुरात तरी मला माहीत नाही.

त्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मीच आता शिकवते. कधी वर्गात एखादं पोरगं फारच चांगलं उत्तर देतं, आणि हे मॅडमना सांगायला हवं म्हणून मी खरोखरच जिन्याकडे वळते. अशा वेळी मला त्यांची जी आठवण येते तिला नुसती आठवण म्हणवत नाही. भूक लागते तशी येते.

शेवटचं भेटले ते तात्यापाऱ्यातल्या घरी. थंडीची दुपार होती. ऋचाने दार उघडलं आणि हळूच सांगितलं की बुआला आता बसल्या जागीही धाप लागते. मॅडम खिडकीपाशी उन्हात बसल्या होत्या. तोंड लहान झालं होतं, चेहऱ्यावरच्या सुरकुत्या गेल्या होत्या, त्यामुळे त्या एकदम तरुण दिसत होत्या. समोर तिपाईवर त्यांचा जुना मायक्रोस्कोप होता, आरशाने ऊन पकडणारा. माझ्याकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, "आणली?"

मी रुमालात गुंडाळलेली स्लाइड काढली. त्यांच्याच कातडीची. काच बसवली, आरसा फिरवून ऊन आत घेतलं. त्या पुढे वाकल्या आणि त्यांनी फोकसच्या चाकावर बोटं ठेवली. बोटं चाकावरून घसरली. पुन्हा ठेवली, पुन्हा घसरली. मग मी त्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसले आणि चाक धरलं. त्यांनी आपला हात माझ्या हातावर ठेवला. तो गार होता आणि लाकडासारखा टणक.

"थोडं पुढं," त्या म्हणाल्या. "अजून जरासं. बस."

बराच वेळ त्या बघत होत्या. मधूनमधून सांगत होत्या, ही घामाची ग्रंथी, पाह्य कशी दबली बिचारी, इथं चरबी असते, ती गेली सारी. वर्गात बोलायच्या तसंच बोलत होत्या, फक्त दर वाक्यानंतर श्वास घ्यायला थांबत होत्या. मी चाक हलवत होते, त्या सांगतील तिकडे काच सरकवत होते. काचेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं पाहून झालं.

"किती सुंदर बसवलं हाय वं यानं," त्या म्हणाल्या. "पोट्ट्यायले दाखवजो. कोणाची हाय ते नको सांगू."

मी हो म्हटलं. त्यांनी डोळा काचेवरून काढला आणि खुर्चीला मान टेकवली. ऊन तिपाईवरून सरकून जमिनीवर गेलं. ऋचा चहा ठेवून गेली, तो निवला. चाक फिरवायचं आता काही कारण नव्हतं. त्यांनी हात माझ्या हातावरून काढला नाही, आणि मीही माझा हात तिथून हलवला नाही.